जखम देशाची, दाखला राज्याचा

सैनिक भरती होतो तो देशाच्या सैन्यात. त्याचा पगार, पेन्शन, मिलिटरी हॉस्पिटल, सगळे केंद्र सरकारचे. पण ड्यूटीवर जखमी होऊन तो घरी परतला की एकाच पलटणीतल्या, एकाच स्फोटात पाय गमावलेल्या दोन जवानांना पुढे वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात. एकाला घरपट्टी माफ, दुसऱ्याला नाही. एकाच्या मुलाला वसतिगृह, दुसऱ्याच्या मुलाला वेगळीच शिष्यवृत्ती. फरक जखमेत नसतो, ते दोघे कोणत्या राज्याचे रहिवासी आहेत यात असतो.

बाबांची बदली चेन्नईला झाल्यापासून माझी प्रत्येक सुट्टी परंगीमलैच्या बाजूला, लष्करी वसाहतीत जाते. इथे मराठी कुटुंबे थोडी आहेत, त्यामुळे आम्ही एकमेकांना लगेच शोधून काढतो. त्या घरांतल्या गप्पांत हा विषय इतक्या वेळा निघाला, आणि प्रत्येकाची माहिती इतकी निराळी निघाली, की या वेळी मराठी पानासाठी हाच विषय घ्यायचे ठरवले.

आधी हे राज्यांकडे आलेच कसे ते पाहू. नागरिकशास्त्रात आपण राज्यघटनेची सातवी अनुसूची शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. तिच्यात संघसूचीच्या अगदी सुरुवातीला संरक्षण आणि सेना आहेत. पण राज्यसूचीचा नववा विषय आहे अपंग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य. जमीन हाही राज्याचा विषय, घर-जमिनीवरचा कर राज्याचा, एसटी राज्याची, राज्य सरकारच्या नोकऱ्या राज्याच्या. म्हणजे सैनिक जोपर्यंत वर्दीत आहे तोपर्यंत तो जवळजवळ पूर्णपणे केंद्राचा. वर्दी उतरवून गावी गेला की त्याच्या रोजच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी राज्याच्या हातात जातात.

या दोघांना जोडणारी एक साखळी आहे. दिल्लीत केंद्रीय सैनिक मंडळ, संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष. त्याखाली प्रत्येक राज्याचे राज्य सैनिक मंडळ आणि जिल्ह्याचे जिल्हा सैनिक मंडळ. खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. महाराष्ट्रात हे काम सैनिक कल्याण विभाग करतो, त्याचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तमिळनाडूत माजी सैनिक कल्याण विभाग आहे आणि त्याचे संचालनालय चेन्नईत. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण खरे काम पाहणारा अधिकारी स्वतः निवृत्त फौजी असतो. त्यामुळे पलटण, बोर्ड, कॅटेगरी हे शब्द तिथे समजावून सांगावे लागत नाहीत. हा फायदा छोटा नाही.

आता टक्केवारी. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सैनिक सेवेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड दोन प्रश्नांची उत्तरे लिहिते. अपंगत्व किती टक्के? आणि ते सैन्यसेवेमुळे आले, किंवा सेवेमुळे वाढले, की त्याचा सेवेशी संबंध नाही? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उत्तर ‘संबंध नाही’ असे आले तर अपंगत्वाची पेन्शन अडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सांगितले की भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता आणि कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नव्हती, तर नंतरचा आजार सेवेमुळेच आला असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही. हा निकाल अनेक कुटुंबांच्या कामी आला आहे.

टक्के ठरले की पैशांचा हिशेब. अपंगत्व शंभर टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो, कमी असेल तर त्या प्रमाणात. सर्वसाधारणपणे वीस टक्क्यांच्या खाली हा भाग मिळत नाही. समजा एखाद्या हवालदाराचा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता आणि बोर्डाने अपंगत्व ३० टक्के लिहिले. शंभर टक्क्यांना १२,००० रुपये, म्हणून ३० टक्क्यांना ३,६०० रुपये. पण एक नियम असाही आहे की पन्नासहून कमी असलेले टक्के पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असतील तर पंचाहत्तर, आणि त्यावर असतील तर शंभर. या नियमाने ३० टक्क्यांचे ५० होतात आणि रक्कम ६,००० होते. हा फायदा आधी फक्त अपंगत्वामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना मिळत असे. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही दिला. (२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत आणि त्यांत काही नावेही बदलली आहेत. वरचा हिशेब त्याआधी निवृत्त झालेल्यांचा आहे.) प्रत्यक्ष लढाईत जखमी झालेल्यांची युद्धजखम पेन्शन वेगळी, आणि ती याहून बरीच जास्त असते.

इथपर्यंत सगळे केंद्राचे. आता तोच हवालदार राज्याच्या दारात उभा राहतो आणि त्याला समजते की त्याचे ५० टक्के तिथे ५० नाहीत. ते पेन्शनच्या हिशेबापुरते होते. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे आरक्षणासारख्या महत्त्वाच्या सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात, आणि ते टक्के मेडिकल बोर्डाच्या कागदावरून घेतले जात नाहीत. सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणी होते, मग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. तोफखान्यात वर्षानुवर्षे राहून ऐकू कमी येऊ लागलेला गनर सैन्याच्या हिशेबात अपंगत्वाची पेन्शन घेत असेल, तरी सिव्हिलच्या तपासणीत तो चाळीसपर्यंत पोचेलच असे नाही. उलट, ज्याचा पाय गेला आहे तो सहज पोचतो. पण पुष्कळ फौजी ते कार्ड काढतच नाहीत.

आमच्या ओळखीचे एक काका असेच आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवला आणि पुढची सेवा त्यांनी त्या पायावर पूर्ण केली. आता आवडीच्या बाजूला सुरक्षा पर्यवेक्षक आहेत, तमिळ इतके फर्डे बोलतात की भाजीवालीला ते मदुरैचे वाटतात. रोज दोन बस बदलून कामावर जातात आणि तिकीट काढतात. मी त्यांना सांगितले, “काका, २०२१ पासून इथल्या शहराच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना तिकीट लागत नाही. सोबतच्या माणसालाही नाही. फक्त ओळखपत्र लागते.” ते हसले. म्हणाले, “अरे पोरा, मी अपंग नाही, मी फौजी आहे. ते कार्ड कशाला?”

काकू आतून म्हणाल्या, “तुमचा अभिमान राहू दे, पण कार्ड काढा. मुलगी आता बारावीला आहे.”

माझे मत काकूंच्या बाजूने आहे. बसचे तिकीट हा किरकोळ भाग झाला. कागद तयार नसेल तर ज्या दिवशी मोठी गरज पडते त्या दिवशी धावाधाव होते आणि अर्जाची मुदत निघून जाते.

काकांचा दुसरा प्रश्न अवघड होता. घर सातारा जिल्ह्यात, राहणे चेन्नईत, मग जायचे कुठे? याचे उत्तर दोन भागांत आहे. केंद्राच्या गोष्टी माणसाबरोबर फिरतात. पेन्शन आता स्पर्श या प्रणालीतून येते, हयातीचा दाखला कुठूनही देता येतो. ईसीएचएसचे पॉलिक्लिनिक चेन्नईतही आहे आणि साताऱ्यातही. सैनिक मरण पावला, बेपत्ता झाला किंवा कर्तव्यावर कायमचा अपंग झाला तर त्याच्या मुलांच्या शिक्षणाची सवलत संरक्षण मंत्रालय देते, तीही राज्य पाहत नाही. या सवलतीवर २०१७ साली महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, ती लोकांच्या नाराजीनंतर २०१८ मध्ये काढून टाकली. आपल्यासारख्या निवासी शाळेत शिकणाऱ्यांच्या घरी याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

राज्याच्या गोष्टी मात्र माणसाबरोबर येत नाहीत. त्यांना अधिवास लागतो. महाराष्ट्रात २०२० साली माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घरपट्टीची माफी सुरू झाली, तिला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव आहे. माफी एकाच घराला, आणि अर्जदार महाराष्ट्राचा हवा. काकांचे गावचे घर भावाबरोबर सामाईक आहे, म्हणजे आधी उताऱ्यावर नाव कोणाचे ते पाहावे लागेल. अशा बारीक गोष्टी माहितीपत्रकात कधीच सापडत नाहीत.

महाराष्ट्रातली सगळ्यात मोलाची तरतूद माझ्या दृष्टीने नोकरीची आहे. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या पदांत १५ टक्के समांतर आरक्षण माजी सैनिकांना आहे. त्या १५ टक्क्यांत सैनिकी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला आधी घेतात, मग तो युद्धात जखमी झालेला असो वा शांततेच्या काळात. त्याच्यानंतर, जो सैनिक सेवेत मरण पावला किंवा अपंगत्वामुळे नोकरीच करू शकत नाही, त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीचा क्रम लागतो. समांतर म्हणजे ही जागा प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच धरली जाते, वेगळी रांग नसते. काका स्वतः नोकरी करू शकतात, करत आहेत. म्हणून त्यांच्या मुलीला हा शेवटचा क्रम लागू होणार नाही. हे सांगताना मला वाईट वाटले, पण चुकीच्या आशेवर दोन वर्षे घालवण्यापेक्षा आज माहीत असलेले बरे.

कारवाईत जखमी होऊन अपंग झालेल्या महाराष्ट्राच्या सैनिकाला राज्य सरकार एकरकमी मदतही देते. रक्कम अपंगत्वाच्या टप्प्यांवर ठरते आणि शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते. जखम झाली त्या तारखेला कोणता निर्णय लागू होता ते बघावे लागते. इथे आणखी एक अट लपलेली असते. ही मदत बहुतेक करून लढाईतल्या किंवा कारवाईतल्या जखमीसाठी असते, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसचा ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असा दाखला लागतो. बर्फाळ चौकीवर हृदयविकार झालेला जवान किंवा ड्यूटीवर गाडी उलटून कण्याला मार बसलेला ड्रायव्हर त्या व्याख्येत बसेलच असे नाही. दोघांनीही देशासाठीच सोसले, पण कागदाला ते दिसत नाही. मला हे पटत नाही, आणि मी विचारलेल्या एकाही फौजीला पटलेले नाही.

याशिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहे आणि सैनिक विश्रामगृहे आहेत. पुण्याला तपासणीसाठी जाणाऱ्या माणसाला रात्र काढायला विश्रामगृह असणे ही केवढी सोय आहे, ते गेलेल्यालाच कळते. नोकरी देण्यासाठी महाराष्ट्रात माजी सैनिक महामंडळ आहे, लोक त्याला मेस्को म्हणतात. तमिळनाडूत तसेच टेक्स्को आहे, १९८६ पासून.

तमिळनाडूने अलीकडे उद्योगावर भर दिला आहे. १५ ऑगस्ट २०२४ ला मुख्यमंत्र्यांनी सेंट जॉर्ज किल्ल्यावरून ‘मुदल्वरिन काक्कुम करंगळ’ ही योजना जाहीर केली. नावाचा अर्थ मुख्यमंत्र्यांचे रक्षण करणारे हात. तिच्यात माजी सैनिकाला उद्योगासाठी एक कोटीपर्यंत कर्ज, त्यावर ३० टक्के भांडवली अनुदान आणि व्याजात ३ टक्के सूट आहे. एका पायावर बारा तास गेटवर उभे राहण्यापेक्षा स्वतःचे दुकान किंवा वर्कशॉप कोणाला नको असेल? पण योजना तमिळनाडूची, तिथले रहिवासी असल्याशिवाय तिचा विचार करून उपयोग नाही. म्हणून कायमचे स्थायिक व्हायचे ठरले तर जिल्हा सैनिक कार्यालयातली नोंदणी जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात हलवता येते. दोन्ही राज्यांचे फायदे एकाच वेळी घेता येत नाहीत. काका अजून ठरवत आहेत.

आता थोडे मागे जाऊ, कारण अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाचा आपल्या देशातला मोठा इतिहास मराठी मुलखातलाच आहे. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून आलेल्या हिंदी शिपायांना काही धंदा शिकवावा म्हणून मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत एक शाळा काढली. तीच पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. ती क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, शंभर वर्षे उलटून गेली तरी अपंग जवानांना शिकवते आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये खडकीलाच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. तिथले जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या गोष्टीचा आपल्या विषयाशी संबंध असलेला भाग सिनेमातून लक्षात राहत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर ईएमईमध्ये होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाची दखल घ्यायला इतका वेळ लागतो, तर सातारच्या एका नाइकाच्या अर्जाला किती लागत असेल याचा अंदाज बांधता येतो.

शेवटी आपल्याबद्दल. बारावीनंतर आपल्यातले अनेक जण एनडीएला आणि पदवीनंतर काही जण इथल्याच परंगीमलैच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जायचे स्वप्न बघतात. १९६३ पासून ही संस्था चेन्नईत आहे. सकाळी वसाहतीच्या रस्त्यावर धावताना तिथल्या कॅडेटच्या तुकड्या मी पाहतो. प्रशिक्षण कडक असते, त्यात अपघात होतात. पण कॅडेटला कमिशन शेवटच्या दिवशी मिळते. त्याआधी कायमचे अपंगत्व येऊन घरी जावे लागले तर तो ‘माजी सैनिक’ ठरत नाही. भरती झालेला रंगरूट प्रशिक्षणात जखमी झाला तर तो ठरतो. जिल्हा सैनिक कार्यालयाची नोंदवही याच शब्दावर चालते, त्यामुळे अशा कॅडेटला आतापर्यंत वर सांगितलेल्यांपैकी जवळजवळ काहीच लागू नव्हते. त्याला पेन्शन नाही, दरमहा अनुग्रह रक्कम मिळते, ती अपंगत्वाप्रमाणे जास्तीत जास्त ४०,००० रुपयांपर्यंत. १९८५ पासून असे सुमारे पाचशे कॅडेट घरी गेल्याचे वर्तमानपत्रात आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि विमा व पुनर्वसनाबद्दल सरकारला विचारले. त्याच महिन्यात त्यांना ईसीएचएसचे उपचार मिळण्याचा निर्णय झाला. माजी सैनिकाचा दर्जा ही त्यापुढची पायरी आहे. आपल्या पालकांनी या खटल्यावर लक्ष ठेवावे असे मला वाटते, कारण तो आपल्याच वयापासून दोन-तीन वर्षांवर असलेल्या मुलांचा आहे.

ज्यांच्या घरी असा कोणी आहे त्यांनी या सुट्टीत एक काम करावे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, मेडिकल बोर्डाचे संपूर्ण कागद (फक्त शेवटचे पान नव्हे, सेवेमुळे की नाही, हे आतल्या पानावर असते), जखमेच्या वेळचा रेकॉर्ड ऑफिसचा दाखला, यूडीआयडी कार्ड आणि अधिवासाचा दाखला, एवढे एका फाइलमध्ये लावावे आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढाव्यात. पत्नीचे आणि मुलांचे नाव डिस्चार्ज बुकात जसे लिहिले आहे तसेच आधारवर आहे का ते पडताळून पाहावे. काकांच्या बुकात काकूंचे माहेरचे नाव आहे. ते बदलायला रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो आणि त्याला महिने लागतात, म्हणून आम्ही तो मागच्या रविवारी लिहून टाकला.